त्रास न देणारा पेशंट

(१९८३ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)



संयोजकांनी मला 'उतारवयातील आरोग्य' या विषयावर पंधरा मिनिटं बोल म्हणून सांगितलं आहे. बीपी, शुगर आणि गुडघे यांवर तुम्ही सगळे आता माझ्यापेक्षा जास्त बोलू शकता. सकाळी नाश्त्याच्या रांगेत ते ऐकलंच मी. त्या रांगेत ज्याबद्दल कुणीच बोलत नव्हतं, अशा एका आजाराबद्दल मी बोलणार आहे. तो म्हणजे डिप्रेशन. मराठीत नैराश्य म्हणतात, पण नैराश्य म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, गणितात नापास झाल्यावर आपण व्हायचो तसं काहीतरी. म्हणून मी डिप्रेशनच म्हणते. त्यातही माझा विषय लहान आहे. जी माणसं दुसऱ्याच्या देखभालीखाली आहेत, म्हणजे वॉर्डात, वृद्धाश्रमात किंवा घरी आतल्या खोलीतल्या कॉटवर, त्यांचं डिप्रेशन त्यांची सेवा करणाऱ्याला कसं कळावं, आणि कळल्यावर काय करायचं.

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी असं एक माणूस आहे. पाच-दहा वर्षांनी ते माणूस आपणच असू. (हसताय, पण बाकावर बसून हिशोब करा.)

बारावीनंतर १९८५ साली मी मुंबईला नर्सिंगला गेले. सव्वीस-सत्तावीस वर्षं सरकारी रुग्णालयात काढली आणि गेली काही वर्षं पुण्याजवळ वृद्धांच्या शुश्रूषा केंद्रात आहे. इतक्या वर्षांत ड्युटी बदलताना एक वाक्य मी हजारो वेळा ऐकलं आणि हजारो वेळा म्हटलं. रात्रपाळीची सिस्टर सकाळच्या सिस्टरला पेशंट सोपवते तेव्हा एकेका कॉटजवळ थांबून सांगते: हिचं सलाइन संपत आलंय, ह्याला ताप होता, ह्यांनी रात्रभर आरडाओरडा केला. मग एखाद्या कॉटपाशी न थांबताच म्हणते, "शांत आहे, काही त्रास नाही." चाळीस-पन्नास पेशंट आणि दोन सिस्टर असल्या की त्रास न देणारा पेशंट फार आवडतो. तो बेल वाजवत नाही, जेवण बेचव आहे म्हणत नाही, नातेवाइकांकडे तक्रार करत नाही. भिंतीकडे तोंड करून पडून असतो. डिप्रेशनचा पेशंट बहुतेक वेळा हाच असतो, आणि आपण त्याला चांगला पेशंट म्हणतो.

तुम्हाला आठवत असेल, आठवीला आपल्या वर्गशिक्षिका हजेरी घेताना प्रत्येक 'हजर'ला मान वर करून त्या मुलाकडे बघायच्या. त्यामुळे हजेरीला वेळ लागायचा आणि मागचे बाक वैतागायचे. एकदा मी 'हजर' म्हटल्यावर त्यांनी मला मधल्या सुट्टीत बोलावून घरी काय झालंय म्हणून विचारलं होतं. आज बाई समोर बसल्या आहेत, म्हणून सांगते. नर्सिंगच्या तीन वर्षांत मला हे इतकं नीट कुणी शिकवलं नाही.

आता माझी चूक सांगते, कारण ती सांगितल्याशिवाय पुढचं सांगायचा मला अधिकार नाही.

माझ्या बाबांना तुम्ही सगळे ओळखता. आपल्या गावचे पोस्टमन. तुमच्यातल्या कितीतरी जणांच्या नोकरीची पत्रं त्यांनी आणून दिली आणि पेढा घेतल्याशिवाय दारातून हलले नाहीत. आई २०१५ साली गेली. मी त्यांना माझ्याकडे घेऊन आले. दुसऱ्या पावसाळ्यात ते न्हाणीघरात पडले, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. ऑपरेशन चांगलं झालं, पण बाबा उठेनात. फिजिओथेरपीचा मुलगा यायचा आणि म्हणायचा, "काका को-ऑपरेट करत नाहीत." बाबा म्हणायचे, पोटात गोळा येतो. पोट साफ होत नाही. तोंडाला चव नाही. मी नर्स ना! सोनोग्राफी केली, एंडोस्कोपी केली, रक्त तपासलं, गोळ्या बदलल्या. सगळं ठीक. मग मला राग यायला लागला. आयुष्यभर सायकल चालवलेला माणूस, आता चार पावलं टाकायची तर नखरे करतो, असं वाटायचं. एकदा मी त्यांना म्हटलं, "बाबा, मनाने उभारी धरा, सगळं मनावर असतं." हे वाक्य मी माझ्या हाताखालच्या मुलींना पेशंटसमोर उच्चारू देत नाही.

दिवसभर त्यांच्याजवळ बसायला ब्युरोतून एक बाई यायच्या. सातवी शिकलेल्या. आठ महिन्यांनी एक दिवस मी ड्युटीवरून आले तेव्हा त्या चपला घालता घालता म्हणाल्या, "ताई, आजोबा आता रेडिओ लावू देत नाहीत. मी लावला तर बंद कर म्हणतात. आणि रात्री तीनला उठून बसतात म्हणे, मला सकाळी सांगतात." बाबा आणि सकाळच्या बातम्या! आई गेली त्या आठवड्यातसुद्धा त्यांनी बातम्या चुकवल्या नव्हत्या. मी तिथेच मटकन बसले. पहाटे जाग येणं, आवडीची गोष्ट नकोशी होणं, भूक जाणं, वजन उतरणं: हे मी विद्यार्थिनींना शिकवत होते आणि माझ्याच घरात आठ महिने ते पोटाचं दुखणं म्हणून वागवत होते. ज्या बाईंना त्या शब्दाचं स्पेलिंगही येत नव्हतं त्यांनी ते बघितलं, कारण त्या तिथे बसलेल्या होत्या.

तर कसं ओळखायचं, ते याच्यातच आलं. आपली म्हातारी माणसं "मला उदास वाटतं" असं म्हणत नाहीत. त्या पिढीला तसं बोलायची सवय नाही. ती म्हणतात पोट, डोकं जड, छातीत धडधड, अंगात त्राण नाही, करमत नाही, जीव कशात लागत नाही. पुरुष पुष्कळदा चिडचिड करतात. रडणं दिसेलच असं नाही. म्हणून रडण्याची वाट बघू नका. काय बंद झालं ते बघा. पेपर उघडला जात नाही का? पूजेची फुलं निवडणं थांबलं का? नातीचा फोन आल्यावर "नंतर बोलते" म्हणतात का? दाढी, वेणी, चष्मा पुसणं सुटलं का? असं दोन आठवड्यांपेक्षा जास्त, जवळजवळ रोज चाललं असेल, तर ते वय नाही. वयाने माणूस हळू होतो. आयुष्यभर आवडलेल्या गोष्टींवरून त्याचं मन असं सरसकट उडत नाही.

विचारायचे प्रश्न दोनच आहेत, जगभर वापरतात. गेल्या दोन आठवड्यांत कुठल्याही गोष्टीत रस किंवा आनंद कमी वाटला का? मन उदास, खिन्न, निराश वाटलं का? यातल्या एकालाही 'बरेच दिवस' असं उत्तर आलं की पुढची नीट तपासणी हवी. नऊ प्रश्नांची पूर्ण यादी असते, तिला पीएचक्यू-९ म्हणतात. ज्येष्ठांसाठी हो-नाही उत्तरांची पंधरा प्रश्नांची वेगळी आहे. स्मृतिभ्रंश झालेल्यांसाठी १९८८ साली कॉर्नेलमध्ये तयार झालेली एकोणीस मुद्द्यांची तिसरी आहे, आणि ती मला सगळ्यात आवडते, कारण तिच्यात पेशंटबरोबर सांभाळणाऱ्यालाही विचारतात. म्हणजे ब्युरोच्या बाईंना! ही यादी भरली म्हणजे निदान झालं असं नाही, ते डॉक्टरच करतील. पण डॉक्टर पाच मिनिटं येतात. त्या पाच मिनिटांत पेशंट उठून बसतो आणि "बरं आहे" म्हणतो. उरलेले तेवीस तास पंचावन्न मिनिटं कुणी पाहिली, त्याने सांगायचं असतं.

सांगायचंही नीट. आमच्या मुली केसपेपरवर लिहायच्या, "पेशंट सहकार्य करत नाही." मी ते खोडायला लावते. त्याऐवजी लिही: सकाळी अर्धी चपाती, दुपारी दोन घास. आंघोळ तिसऱ्या दिवशी नाकारली. मुलाचा फोन आला, घेतला नाही. पहाटे साडेतीनपासून जागे. वजन महिन्यात तीन किलो कमी. हे वाचून कुठल्याही डॉक्टरला थांबावं लागतं. घरीही एक वही ठेवा. दोनशे पानी, शाळेची चालेल.

परदेशातून आलेले जे मित्र आज इथे आहेत, त्यांना एक गोष्ट सांगते, रागावू नका. व्हिडिओ कॉलवर तुमचे आईवडील तुम्हाला दिसत नाहीत. तुमच्या कॉलआधी आम्ही त्यांचे केस विंचरतो, स्वेटर घालतो, उशीला टेकवून बसवतो, आणि ते दहा मिनिटं तुमच्यासाठी हसतात. फोन ठेवला की पुन्हा भिंत. तुम्ही समाधानाने झोपायला जाता. दर आठवड्याला पाच मिनिटं सांभाळणाऱ्या बाईशी वेगळं बोला. "आई कशी आहे?" असं विचाराल तर "बरी आहे" म्हणेल. "आईने या आठवड्यात स्वतःहून काय मागितलं?" असं विचारा.

दोन गोष्टींशी गल्लत होते, तेवढं सांगते. कालपर्यंत ठीक असलेलं माणूस आज अचानक गप्प, झापडलेलं किंवा असंबद्ध झालं, तर ते डिप्रेशन समजून थांबू नका. लघवीचा संसर्ग, न्यूमोनिया, सोडियम कमी होणं, औषधाचा परिणाम, काहीही असू शकतं, आणि तेव्हा लगेच दवाखाना. डिप्रेशन आठवड्या-आठवड्यांनी चढतं. दुसरी गल्लत विसरण्याची. डिप्रेशनमध्येही माणूस विसरतो, पण तो स्वतः तक्रार करतो, "मला काही आठवत नाही हो." स्मृतिभ्रंशाचा पेशंट बऱ्याचदा ते लपवतो, गोष्ट रचून सांगतो. हे ठोकताळे आहेत, आणि दोन्ही आजार एकत्रही असतात. पण नुसत्या विसरण्यावरून "आता काय, डोकं गेलं" म्हणून सोडून देऊ नका. डिप्रेशन बरं झाल्यावर आठवण सुधारलेले पेशंट मी पाहिले आहेत.

उपचारांकडे येते. मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यायचं म्हटलं की घरात कुजबुज सुरू होते. बाबांच्या वेळी माझ्या सख्ख्या आत्याने विचारलं, "दादाला वेड लागलंय का?" डॉक्टरांनी आधी थायरॉइड, बी-१२, हिमोग्लोबिन, सोडियम तपासलं, चालू गोळ्यांची यादी बघितली. हे हवंच, कारण थायरॉइड मंद झालं किंवा बी-१२ उतरलं तरी माणूस असाच होतो, आणि काही औषधांनीही होतो. त्यांनी कान तपासायलाही सांगितलं. मला हसू आलं, पण बाबांच्या कानात मळाचा खडा होता आणि त्यांना अर्धं ऐकू येत नव्हतं! बोलणं ऐकू येईना म्हणून बोलणं सोडणारे कितीतरी म्हातारे आहेत.

गोळी सुरू केली, एस्सिटालोप्रॅम, अगदी कमी मात्रेत. म्हाताऱ्यांत असंच करतात: थोड्यापासून सुरुवात, हळू वाढवायचं. दहाव्या दिवशी बाबा झापडले, बडबडले. माझ्या भावाने फोनवर सांगितलं, "बंद कर ती वेड्यांची औषधं." सोडियम तपासलं, १२४ आलं. या गटातल्या गोळ्यांनी वृद्धांत सोडियम उतरू शकतं, आणि बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर जास्तच. बाबांची चालू होती. ते सावरल्यावर डॉक्टरांनी दोन्ही बदलल्या, रात्री घ्यायची मिर्टाझापीन दिली. तिने झोप आणि भूकही सुधारते. हे मुद्दाम सांगितलं, कारण पहिल्या औषधाने बिघडलं की लोक उपचारच सोडतात. औषध बदलता येतं. आणि हो, ऍस्पिरिन किंवा दुखण्याच्या गोळ्या चालू असतील तर तेही डॉक्टरांना सांगा, रक्तस्रावाचा धोका वाढतो.

या गोळ्या झोपेच्या नाहीत, त्यांची चटक लागत नाही. पण परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, वृद्धांत सहा-आठही. तोवर आपणच धीर सोडतो. आणि बरं वाटलं म्हणून मनाने बंद करायच्या नाहीत. बरं झाल्यावरही निदान सहा महिने, म्हाताऱ्यांत बऱ्याचदा वर्षभर, आणि मग डॉक्टर सांगतील तसं हळूहळू कमी. अन्नपाणीच सोडलेल्या गंभीर पेशंटला शॉकची ट्रीटमेंट सुचवली तर सिनेमे आठवून पळून जाऊ नका. ती आता भूल देऊन, स्नायू शिथिल करूनच करतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने त्याशिवाय करायला बंदीच आहे. माझ्या डोळ्यांदेखत त्याने लोक जेवायला उठले आहेत.

गोळीइतकंच दुसरं काम महत्त्वाचं, आणि ते आपल्या हातात असतं. शेजारच्या गोव्यात 'संगत' या संस्थेने साध्या गावातल्या, डॉक्टर किंवा नर्स नसलेल्या लोकांना शिकवून प्राथमिक आरोग्य केंद्रांत डिप्रेशनच्या पेशंटशी बोलायला बसवलं. सहा ते आठ भेटी. त्यात मुख्य भर एकाच गोष्टीवर: माणसाला त्याच्या आवडीच्या छोट्या कामाकडे पुन्हा वळवायचं, मन लागेल तेव्हा नव्हे, ठरलेल्या वेळी. पेशंट बरे होण्याचं प्रमाण वाढलं, आणि हा अभ्यास २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. म्हणजे हे उपदेशाचं काम नाही, शिकून करता येण्यासारखं आहे.

पण आवड त्याची हवी. आमच्या केंद्रात रोज संध्याकाळी भजन असतं. एका आजींना आम्ही चाकाच्या खुर्चीतून नेऊन पहिल्या रांगेत बसवायचो, त्या डोळे मिटून घ्यायच्या. आम्हाला वाटायचं तल्लीन होतात. नंतर कळलं, त्यांना भजन कधीच आवडलं नव्हतं. आयुष्यभर त्यांनी मंडईत भाजी विकली होती. आमच्या स्वयंपाकाच्या मावशींनी एकदा सहज मेथीची जुडी त्यांच्या पुढ्यात टाकली. पहिल्या दिवशी चार काड्या निवडल्या. आठवड्याने त्यांनी मेथी जून आहे म्हणून मावशींना झापलं. मी त्या दिवशी वहीत लिहिलं, "आजी भांडल्या." गोळी चालू होतीच, श्रेय कुणाचं किती ते मला ठरवता येणार नाही.

काय बोलू नये, हे फ्लॉरेन्स नाइटिंगेलने १८५९ सालच्या तिच्या नर्सिंगवरच्या पुस्तकात सांगून ठेवलंय. आजाऱ्याला वरवरचा धीर देणाऱ्यांवर आणि फुकटचे सल्ले देणाऱ्यांवर तिने एक अख्खं प्रकरण लिहिलं. तेव्हा "पॉझिटिव्ह राहा", "तुम्हाला काय कमी आहे?", "बघा तो शेजारचा नव्वदीत गड चढतो" हे बंद करा. जवळ बसा. "बरेच दिवस बातम्या लावल्या नाहीत, मला दिसतंय," एवढं म्हणा आणि गप्प बसा.

एक अवघड गोष्ट राहिली. "आता देवाने न्यावं" हे वाक्य आपल्याकडे घरोघर आहे, आणि ऐंशीच्या माणसाने ते तृप्तीने म्हटलं तर त्यात आजार नाही. पण तेच वाक्य "मी तुम्हाला भार झालोय" याच्या जोडीला आलं, माणूस वस्तू वाटून टाकायला लागला, गोळ्या न घेता साठवायला लागला, तर थेट विचारा: "स्वतःच जीव संपवावा असं मनात येतं का?" विचारल्याने तो विचार मनात घुसत नाही. उलट सांगायला जागा मिळते. उत्तर 'हो' आलं तर रागावू नका, शपथा घालू नका. एकटं सोडू नका, घरातल्या सगळ्या गोळ्या कुलपात ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. रात्री-अपरात्री काही सुचेना तर सरकारची टेली-मानस सेवा आहे, १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलतात. सगळ्यांनी आत्ताच फोनमध्ये टाकून घ्या. मी थांबते.

...झालं? मागचे बाक? बरं.

आणि जी बाई हे दिवसभर ऐकते तिचं काय? रोज बारा तास "मला मरायचंय" ऐकून ती संध्याकाळी घरी जाऊन स्वयंपाक करते. त्या दोन प्रश्नांची उत्तरं तिलाही विचारा, आणि ज्या घरात सून किंवा लेक हे सगळं एकटी करते तिथे तिलाही. आठवड्यातून एक दुपार तिला मोकळी द्या. कोविडच्या काळात आमच्या तिघी सिस्टर्सना औषध घ्यावं लागलं. त्यातली एक मी होते. हे मी आजवर इथे कुणाला सांगितलं नव्हतं.

बाबांचं सांगायचं राहिलं. नवीन गोळी सुरू होऊन सहावा आठवडा असेल. मी चहा दिला, त्यांनी एक घोट घेतला आणि म्हणाले, "हा चहा आहे का पोस्टातला डिंक?" मी आत जाऊन ओट्याला धरून रडले. पुढे ते काठी घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत जायला लागले आणि तीन वर्षांहून जास्त जगले. ते आठ महिने मात्र गेले ते गेलेच.

माझी पंधरा मिनिटं केव्हाच संपली आहेत, संयोजक घड्याळ दाखवतायत. जेवणानंतर मी मागच्या व्हरांड्यात, पाण्याच्या टाकीजवळ बसणार आहे. ज्यांना घरच्या माणसाबद्दल विचारायचं असेल त्यांनी या. गोळ्यांच्या चिठ्ठीचा फोटो फोनमध्ये असेल तर आणा, आणि स्वतःबद्दल विचारायचं असेल तर "माझ्या एका मित्राला" म्हणून विचारलंत तरी चालेल.